एका घागरीला एक पाटी

आमच्या गावात ज्याला सगळे सुभेदार म्हणायचे, तो सुभेदार नव्हताच. पलटणीत होता हे खरं. पेन्शन आणायला एस्टीनं साताऱ्याला जायचा हेही खरं. पण तिकडं त्यानं बंदूक धरली का झारा, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. मी एकदा तोंडावरच विचारलं, "सुभेदार, लढाईत किती माणसं मारली?" तर म्हणाला, "मारायला दुसरी व्हती. मी त्यास्नी पानी पाजायला व्हतो." आणि हे असं सांगितलं, की जसं काही लढाई यानंच जिंकून दिली.

दिसायला म्हणाल तर खाकी अर्धी चड्डी, आणि तिच्यात दोन काटक्या. अंगावरचं मांस सगळं मिशांना गेलेलं. गळ्यात पितळेची शिट्टी, हातात छत्री. छत्रीचं कापड कधीच फाटून गेलं होतं, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. तरी भर उन्हात तो ती उघडून धरायचा. पोरंटोरं हसायची. हा म्हणायचा, "तुमाला कापड दिसत न्हाई, मला शिस्त दिसतीया."

अंघोळ एका तांब्यात. एका तांब्यात माणूस भिजून भिजून भिजणार किती? त्याचा निम्मा भाग वर्षानुवर्षं कोरडाच असणार, आणि कुठला निम्मा, ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहिलं की कळायचं.

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसलो. तिचंच काहीतरी लिहावं म्हणून बसतो आणि हा खाकी चड्डीवाला मध्ये येऊन उभा राहतो. जिवंत असतानाही असाच मध्ये यायचा. आमच्या लग्नातसुद्धा आला.

वैशाखातलं लग्न. हळदीच्या अंघोळीला बायकांनी मांडवात घागरी मांडून ठेवलेल्या. मला आणि तिला पाटावर बसवलं, पहिला तांब्या डोक्यावर पडला, आणि शिट्टी झाली. बघतो तर मांडवाच्या तोंडाला सुभेदार.

"बास! एका तांब्यात हळद निघती. बाकीच्या घागरी झाकून ठेवा."

माझी आत्या परात घेऊन त्याच्या अंगावर गेली. "मुडद्या, पोराचं लगीन हाय हे. तुजं तेरावं न्हवं!"

"लगीन काय, परत करता ईल, मावशी. आटल्यालं पानी परत करता येत न्हाई."

असं लग्नाच्या मांडवात बोलायचं असतं का? पण बोलला. आणि तोंडात शिट्टी धरून असा वाजवत सुटला, की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. शेवटी मी अर्धाच धुतलेला, मानेला आणि कानाला हळद तशीच, बोहल्यावर चढलो. माझी बायको ही गोष्ट उभा जन्म सांगायची. म्हणायची, "माझ्या वाटनीला आलं ते अर्धंच भिजल्यालं आलं."

आता बारवेचं सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची जुनी बारव आहे. रुंद पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या, भिंतीत देवीचा कोनाडा. तेव्हा सबंध गाव तिचं पाणी प्यायचं, आणि सबंध गाव तिच्यातच सगळं टाकायचंही. फुटकी मडकी, तुटकी पायताणं, देवीचं निर्माल्य. त्यात पावसाबरोबर वरच्या रानाची माती यायची. खालच्या पायऱ्या गाळात गडप झाल्या होत्या. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की देवळात बैठक बसायची. गाळ काढलाच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं. पानसुपारी व्हायची. माणसं घरी जायची. एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या गावात होत नसेल.

कोयनेच्या भूकंपानं आमची घरं हलवली, त्याच्या अगोदरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पाडव्याच्या सकाळी बायका घागरी घेऊन गेल्या, तर सुभेदार बारवेच्या तोंडाला वरच्या पायरीवर आडवा बसलेला. शेजारी वेताच्या नव्या पाट्यांची चळत.

"आजपासनं मिरगापत्तुर कायदा," म्हणाला. "एका घागरीला एक पाटी. आदी गाळाची पाटी वर, मग घागर खाली. फालतू बात नहीं."

"कुनी केला कायदा?"

"मी."

"आनि तू कोन?"

"मी हितं बसल्याला."

त्याला उचलून बाजूला ठेवणं काही अवघड नव्हतं, छत्रीसकट त्याचं वजन ते किती! पण हात लावला की तो शिट्टी फुंकायचा, ती श्वास संपेपर्यंत. बायकांनी कान वाचवायला म्हणून पाट्या उचलल्या. कुणी कुरकुर केली, की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "पानी देवाचं. गाळ मातूर तुमचा." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं, की गावातल्या पोपटालासुद्धा आलं असतं, पोपट असता तर.

सगळ्यांत आधी रांग धरली ती बौद्धवाड्यातल्या बायकांनी. आम्हाला या कायद्यात नुसती कटकट दिसत होती, त्यांना दुसरंच दिसलं. आजवर त्यांना पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. काठाला घागर मांडायची आणि कुणी वरनं ओतेपर्यंत तिष्ठत राहायचं. धर्म बदलून दहा-अकरा वर्षं झाली तरी तेच. सरकारचा कायदा होता, पण सरकार साताऱ्यात, बारव इथं. आणि आता हा येडा म्हणत होता, पाटी वर आली की घागर खाली. त्यांच्यात गंगूबाई म्हणून एक विधवा होती, हाडापेरानं दणकट. तिनं विचारून घेतलं, "सुभेदार, आमीबी उतरायचं का खाली?"

"मग काय वरनंच गाळ भरनार हैस?" सुभेदार म्हणाला.

एवढ्यावर ती उतरली. याला लोक पुढं सुधारक-बिधारक म्हणायला लागले. कसला सुधारक! त्याला माणूस दिसतच नव्हता. त्याला पाटी दिसायची.

हे तात्यांना खपलं नाही. तात्या म्हणजे गावचे मानकरी. जत्रेत देवीच्या पालखीपुढं चालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि चालण्यापलीकडं दुसरं काही काम त्या घराण्यानं केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यांच्याकडची पाटी त्यांचा गडी आणायचा. गडी मालकाच्या वळणाचा. सकाळी एकदा पाटी भरून वर आणली, की ती ओतायचीच नाही. बायकांच्या आडून तशीच भरलेली खाली न्यायची, पुन्हा तीच वर आणायची, आणि दर खेपेला घागर भरायची. एक दिवस सुभेदारानं पाटीत काडी घातली आणि गाळातनं एक पायताण उचलून वर धरलं.

"हे पायताण सकाळधरनं वर-खाली करतंय," म्हणाला. "दमलं असंल बिचारं. बसू दे त्याला आता. तू दुसरं आन."

सबंध बारव हसली. तात्यांच्या घरी ते हसू संध्याकाळच्या आत पोचलं, आणि तिथं ते मुरत पडलं.

माझं सोड्याचं दुकान होतं. गोटीच्या बाटल्या. सांगलीहून भुश्शात गुंडाळून बर्फाची लादी आणायची आणि जत्रेत गाडा लावायचा. माझ्यावर सुभेदाराचा वेगळाच डूख. म्हणायचा, "सोडा म्हंजे पान्याला आल्याली ढेकर. ढेकर इकाय देवाचं पानी नेतोस व्हय रं?"

"माणसं पैसे देऊन पित्यात," मी म्हणालो.

"मानसं पैसं दिऊन नरकातबी जात्याल. तू पाटी आन."

मग काय, जत्रेच्या तयारीला मी आणि बायको दोघंही पाट्या वाहायला लागलो. यातली एक गोष्ट ज्यानं कधी ओला गाळ उचलला नाही त्याला कळायची नाही. भरलेली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसऱ्यानं हात लावावा लागतो. दोघींनी मिळून उचलायची, मग एकीनं डोकं खाली घालायचं. माझ्या बायकोला हात लावायला कोण, तर गंगूबाई. गंगूबाईला हात लावायला माझी बायको. असं करता करता दोघींचं जमलं. खालून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. मी घरी म्हणालो, "आगं, लोकं काय म्हंतील?"

"आवं, लोकं पाटीला हात लावाय येत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

जत्रा आली. आमच्याकडची रीत अशी, की जत्रेच्या मुख्य दिवशी ऐन दुपारी देवीची पालखी बारवेवर येते, गुरव कळस भरून घेतो, आणि त्या पाण्यानं देवीला अंघोळ घालतात. आदल्या दिवशी तात्यांनी दवंडी पिटवली. पाटीचा कायदा रद्द. पालखी बारवेवर आली, की तिथनं जत्रा उलगडेपर्यंत बारव देवाची, सोवळी. बौद्धवाड्यानं फिरकायचं नाही. आता एकदा बंद झालेली बारव जत्रेनंतर आपल्यासाठी पुन्हा उघडेल, असं धरून चालायला गंगूबाई काही काल जन्मली नव्हती. दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि पलीकडच्या काठाला भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या.

आमचा सोड्याचा गाडा बारवेच्या तोंडालाच होता, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

हलगी आली, गुलाल आला, मागून पालखी. ऊन असं, की दगडावर भाकरी भाजावी. पुढं तात्या, फेटा बांधून. आणि वरच्या पायरीवर सुभेदार, काड्यांची छत्री उघडून.

"थम!"

हलगी थांबली. पालखी थांबली.

"पाटी?" सुभेदार म्हणाला.

"कसली पाटी?" तात्या म्हणाले.

"कळस भरायचा न्हवं? कळसाची."

"आरं ए, देवी हाय ती!"

"असंल की. मी न्हाई म्हनलो का? कळस ल्हान हाय म्हनून पाटी ल्हान देतो, चला."

मागून आरडाओरडा झाला. "हाना त्येला!" "फेका बारवंत!" पण तात्यांनी हात वर केला. माणूस आळशी असला तरी डोकं होतं. गोड आवाज काढून म्हणाले, "सुभेदार, तूच म्हंतोस न्हवं, पानी देवाचं? मग देवानं स्वताचंच पानी न्यायला पाटी कशापायी?"

झालं. सुभेदाराचं तोंड उघडं ते उघडंच. शिट्टी ओठातून निसटून छातीवर लोंबायला लागली. महिनाभर ज्या वाक्यानं त्यानं गावाला छळलं, तेच त्याच्या नरड्यात अडकलं. लोक खदाखदा हसले. तात्या म्हणाले, "सरक," आणि हा सरकला. पाय आखडून घेतला, वीतभर. तेवढी वाट झाली. पलीकडच्या काठाला गंगूबाईनं कमरेवरची घागर खाली ठेवली. तिला कळलं होतं की संपलं.

आणि माझी बायको? ती एका गिऱ्हाइकाला बाटली देत होती. त्यानं हात पुढं केलेला. तिनं बाटली परत गाड्यावर ठेवली, पदर खोचला, चळतीतली एक पाटी घेतली, आणि तात्यांच्या पुढ्यातनं सरळ पायऱ्या उतरून गेली. मी ओरडलो, "आगं ए, गिऱ्हाईक हाय!" ऐकलं नाही. कधी ऐकलं होतं?

थोड्या वेळानं ती पाटी डोक्यावर घेऊन वर आली. तोंडावर, मानेवर काळे ओघळ. पाटी तात्यांच्या पायाशी ठेवली. पाटीत काय होतं? कुजलेल्या माळा, नारळाच्या शेंड्या, करवंट्या.

"ही देवीची पाटी," म्हणाली. "तात्या, पानी देवाचं, खरं हाय. पन बारवंत हे समदं निर्माल्य कुनाचं पडलंय? माजं न्हाई. गंगूबाईचं न्हाई. हिचंच न्हवं? मग गाळात तिचाबी वाटा हायच की. तिनं काय सोता उतरायचं व्हय? मी काडली तिच्यावतीनं. भरा आता कळस."

तात्यांचं तोंड सुभेदारासारखं झालं. मला वाटलं, सुटलो, आता ही गाड्यावर येईल. पण सुभेदारात जीव आला होता ना! तो वाकला. पाटीत डोकावला. काडीनं उकरलं. आणि ज्या बाईनं याची अब्रू वाचवली तिला काय म्हणावं?

"अर्धी हाय," म्हणाला. "भरून आन."

मी गाड्यावरची बाटली त्याच्या टाळक्यात घालायला उचलली होती, देवाशप्पथ. पण माझी बायको चिडली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं सुभेदार, एकटीला उचलंल तेवडीच भरली. खाली हात लावाय कुनी न्हवतं." मग तिनं पलीकडच्या काठाकडं बघून हाक मारली, "गंगूबाई, ये गं हात लावाय!"

हलगीवाल्याच्या हातातली टिपरीसुद्धा हलली नाही.

"खबरदार!" तात्या ओरडले. "देवीच्या टायमाला ती खाली उतरायची न्हाई. दुसरी कुनीबी जावा. चला, कोन येतंय?"

मागं नव्या लुगड्यातल्या, कपाळभर मळवट भरलेल्या ढीगभर बायका होत्या. देवीच्या भक्त सगळ्या. एकेक जण दुसरीच्या मागं सरकली. गाळात देवीसाठी उतरायला कुणाचंही लुगडं तयार नव्हतं. तात्यांनी स्वतःच्या घरातल्या बायकांकडं बघितलं, तर त्या आकाशाकडं बघत होत्या.

इकडं पालखीचे भोई अनवाणी. एकदा हा पाय वर, एकदा तो. गुरव तर कधीचा नाचत होता. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "तात्या, पाय भाजून निगालं हो. देवी उन्हात हाय. ज्या कुना बाईचा हात लागायचा तो लवकर लागू द्या."

तात्यांनी तोंड पालखीकडं फिरवलं. गंगूबाई थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग घागर तिथंच ठेवून वळसा घालून आली आणि माझ्या बायकोच्या मागोमाग खाली उतरली. खालून पाण्याचा चुबूक चुबूक आवाज येत होता. मग दोघी वर आल्या. पाटी शिगोशीग भरलेली, माझ्या बायकोच्या डोक्यावर, आणि गंगूबाईचा एक हात मागून पाटीला.

सुभेदारानं पाटी निरखली. शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. गुरव दोन दोन पायऱ्या गाळत कळस घेऊन खाली पळाला.

कळस वर आला तशी गंगूबाई पलीकडं गेली, आपली घागर उचलून आणली आणि म्हणाली, "आनि माजी?"

"तुजी पाटी येगळी," सुभेदार म्हणाला. "ही देवीची झाली."

ती हसली. पाटी घेऊन पुन्हा खाली गेली, तिच्यामागं वाड्यातल्या बाकीच्या बायका. देवीच्या पाटीला जिचा हात चालला, तिला घागर बुडवू नको म्हणायला आता कुणाचं तोंड होतं? तात्या पालखीपुढं चालत निघून गेले. त्यांचं काम तेवढंच होतं. बारव काही बंद झाली नाही. जत्रेतही नाही, जत्रेनंतरही नाही. मिरगाच्या आधी गाळात गडप झालेल्या पायऱ्या उघड्या पडल्या, तेव्हा तात्यांनी त्या पाहुण्यांना नेऊन दाखवल्या. "आमी गाळ काडला," म्हणून सांगितलं.

सुभेदारानं माझ्या बायकोचे आभार मानले असतील असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं वरचं नीट वाचलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सोड्याचं पाणी न्यायला गेली तर म्हणाला, "कालची पाटी ह्यात धरायची न्हाई."

पुढं काही वर्षांनी तो मेला, तोही आषाढात, बारव तोंडोतोंड भरलेली असताना. त्याला अंघोळ घालायला लोकांनी घागरीवर घागर ओतली. एरवी एका तांब्याचा माणूस. जिवंत असता तर शिट्टी मारून तिरडीवर उठून बसला असता. रडायला कोणी नव्हतं, पण गर्दी बऱ्यापैकी होती. माझी बायको मात्र घागरी मोजत उभी. घरी येऊन म्हणाली, "ह्येच्या पाट्या ऱ्हायल्या." मी म्हणालो, येडी का खुळी तू? पण पुढच्या पाडव्याला पाणी खाली गेल्यावर ती आणि गंगूबाई उतरल्या आणि त्याच्या घागरींइतक्या पाट्या काढून आल्या. त्यानंतर पायरीवर आडवं बसायला कोणी राहिलं नाही. नळ आले. बारवेवर लोखंडी जाळी आली. जाळीच्या फटीतनं काय काय आत टाकता येतं, याचा आमच्या गावानं चांगला अभ्यास केला आहे.

गेल्या वैशाखात ती गेली. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं. अंघोळ घालायची तर पाणी कुठनं आणायचं, म्हणून माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. गंगूबाईही आता नाही. तिचा नातू नोकरीला आहे, तो न सांगता गेला, जाळीचं दार उघडून खाली उतरला आणि बारवेतनं घागर भरून खांद्यावरून घेऊन आला. त्या पाण्यानं तिला घातली.

एक घागर.

यंदाच्या पाडव्याला मी गेलो. वेताची पाटी आता मिळत नाही, प्लॅस्टिकचं घमेलं नेलं. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, त्या ऐकत पायरी पायरी उतरलो. खालचा गाळ म्हणजे आता निम्म्या पिशव्याच. भरायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. यापुढं उचललं नसतं. समोर हात लावायला कोणी नव्हतं.

तेवढंच घेऊन वर आलो. वरच्या पायरीवर ठेवलं आणि उगाच थांबलो. त्या मेल्यानं जन्मभर माझे कान किटवले. वाटलं, आता तरी वाजेल शिट्टी. आता तरी म्हणेल कोणी, अर्धी हाय, भरून आन. मी तिथंच उभा राहून हाक मारली असती, ये गं हात लावाय.

कोणी म्हणालं नाही.